अभिजात चित्रांच्या प्रतिकृती घरी लावताना: निवड, छपाई, फ्रेम आणि भिंत

घरासाठी एखाद्या अभिजात चित्राची प्रतिकृती घ्यायची असे ठरले की बहुतेक जण रिकाम्या भिंतीपासून सुरुवात करतात. भिंतीची रुंदी मोजली जाते, पडद्यांचा रंग पाहिला जातो आणि मग त्या मापाचे, त्या रंगाशी जुळणारे चित्र शोधले जाते. हा क्रम उलटा असावा असे माझे ठाम मत आहे. आधी चित्र, मग त्या चित्राचे मूळ माप, त्यानंतर छपाई आणि फ्रेम, आणि शेवटी भिंत, असे गेल्यास पुढचे बहुतेक निर्णय आपोआप सोपे होत जातात. या लेखात त्याच क्रमाने एकेक पायरी मांडली आहे. चित्रकलेचा अभ्यास नसलेल्या आणि पहिल्यांदाच प्रतिकृती घेणाऱ्या वाचकाला डोळ्यासमोर ठेवून तो लिहिला आहे.

पहिली पायरी: मूळ चित्राचे माप माहीत करून घ्यावे

पुस्तकात किंवा पडद्यावर सगळी चित्रे एकाच मापाची दिसतात, आणि नवख्या माणसाची पहिली गफलत इथेच होते. रेम्ब्राँटचे ‘रात्रीचा पहारा’ हे १६४२ सालचे चित्र आज सुमारे ३८० सेंटिमीटर उंच आणि ४५४ सेंटिमीटर रुंद आहे. १७१५ साली ते दुसऱ्या इमारतीत हलवताना चारही बाजूंनी कापले गेले, म्हणजे मुळात ते याहूनही मोठे होते. त्यातली माणसे जवळजवळ खऱ्या माणसांएवढी आहेत. तेच चित्र पाऊण मीटर रुंदीत छापले की प्रत्येक लांबी सहापटीने कमी होते, चेहरे अंगठ्याएवढे होतात आणि अंधारातून पुढे येणाऱ्या माणसांचा जो दबदबा त्या चित्राचा प्राण आहे, तो उरत नाही. गुस्ताव क्लिम्टचे ‘चुंबन’ १८० सेंटिमीटर चौरस आहे, शिवाय त्यात सोन्याचा खरा वर्ख आहे. पाहणारा हलला की त्याची चमक बदलते, आणि शाईने छापलेले पिवळे-तपकिरी रंग ते काम करू शकत नाहीत.

याउलट कितीतरी थोर चित्रे अगदी घरगुती मापाची आहेत. योहानेस फर्मीर याचे ‘मोत्याचा डूल घातलेली मुलगी’ हे साधारण १६६५ सालचे चित्र अवघे ४४.५ × ३९ सेंटिमीटर आहे. त्याचेच ‘दूध ओतणारी’ ४५.५ × ४१ सेंटिमीटर आहे. लिओनार्दोची ‘मोना लिसा’ ७७ × ५३, तर व्हॅन गॉगची १८८९ मधली ‘तारांकित रात्र’ साधारण ७४ × ९२ सेंटिमीटर आहे. होकुसाईची ‘कानागावाची मोठी लाट’ तर सुमारे २५ × ३७ सेंटिमीटरच्या कागदावर लाकडी ठोकळ्यांनी छापलेली आहे, म्हणजे ती मुळातच छापील वस्तू आहे. तिची ‘मूळ प्रत’ अशी एकच नाही. जगभरच्या संग्रहालयांत तिच्या अनेक प्रती आहेत.

म्हणून नवख्या वाचकाला माझा पहिला सल्ला असा, की पहिली प्रतिकृती अशा चित्राची घ्यावी जे आपल्या भिंतीवर मूळ मापात मावते, आणि ते मूळ मापातच छापून घ्यावे. चित्रकाराने कुंचल्याचा प्रत्येक फटकारा एका ठरावीक मापाच्या पृष्ठभागासाठी मारलेला असतो. ते माप जपले की पाहणाऱ्याचे चित्रापासूनचे अंतरही आपोआप बरोबर येते. फर्मीरचे चित्र दीड मीटर उंच करून छापले तर तो चेहरा जाहिरातीच्या फलकासारखा अंगावर येतो आणि त्यातली जवळीक नाहीशी होते. मोठ्या चित्राचाच मोह सुटत नसेल, तर ते सबंध चित्र लहान करून छापण्याऐवजी त्याचा एखादा भाग मूळ मापात छापून घ्यावा आणि तो ‘तपशील’ आहे हे मागच्या बाजूला लिहून ठेवावे. माझ्या मते तो अधिक प्रामाणिक मार्ग आहे.

चित्राचे माप आणि ते कोणत्या माध्यमात रंगवले आहे ही माहिती ज्या संग्रहालयात ते चित्र आहे त्याच्या नोंदीतून घ्यावी. माप लिहिताना उंची आधी आणि रुंदी नंतर देण्याची प्रथा आहे, हे लक्षात ठेवावे. नाहीतर आडवे चित्र उभे समजून फ्रेमचा हिशेब चुकतो.

दुसरी पायरी: कोणती आवृत्ती, कोणाची प्रतिमा आणि कोणाचे हक्क

एकाच नावाची अनेक चित्रे असू शकतात. व्हॅन गॉगचे ‘शयनगृह’ तीनदा रंगवलेले आहे. पहिले १८८८ सालचे चित्र ॲमस्टरडॅमला आहे, १८८९ सालचे त्याच मापाचे दुसरे शिकागोला आहे आणि त्याच वर्षीचे थोडे लहान तिसरे पॅरिसला आहे. तिन्हींत पलंगावरच्या भिंतीवर टांगलेली चित्रे वेगळी आहेत आणि जमिनीचा रंगही वेगळा आहे. ‘सूर्यफुले’ आणि मुंकची ‘किंकाळी’ यांच्याही एकाहून अधिक आवृत्त्या आहेत. होकुसाईच्या लाटेच्या बाबतीत तर प्रत्येक प्रत निराळी दिसते, कारण छापता छापता लाकडी ठोकळा झिजत गेला. सुरुवातीच्या प्रतींत वर डाव्या कोपऱ्यातल्या मथळ्याभोवतीची चौकट सलग रेघेची दिसते, तर नंतरच्या प्रतींत तीच रेघ जागोजागी तुटलेली असते. तेव्हा नुसते चित्राचे नाव सांगून थांबू नये. कोणत्या संग्रहालयातील, कोणत्या वर्षाचे, हेही विचारावे.

प्रतिमा शक्यतो संग्रहालयाने स्वतः काढलेल्या छायाचित्राची असावी. ॲमस्टरडॅमचे राइक्सम्युझियम, न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन संग्रहालय, शिकागोचे आर्ट इन्स्टिट्यूट आणि वॉशिंग्टनची नॅशनल गॅलरी ऑफ आर्ट या संस्थांनी हक्कमुक्त झालेल्या हजारो कलाकृतींची उत्तम प्रतीची छायाचित्रे कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतील अशी खुली केली आहेत; मेट्रोपॉलिटनने हे धोरण २०१७ मध्ये स्वीकारले. ही सोय असताना कुठून तरी मिळालेली, दहा हातांतून गेलेली, कडा कापलेली प्रतिमा वापरण्याचे काहीच कारण नाही.

हक्कांचा विचार थोडक्यात असा. युरोपीय संघात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षे आणि भारतात ६० वर्षे चित्रावर स्वामित्वहक्क राहतो. इतर देशांचे नियम वेगवेगळे आहेत. फर्मीर, होकुसाई, मोने, व्हॅन गॉग यांच्याबाबत प्रश्न उरलेला नाही. पण साल्वादोर दाली यांचे वितळणाऱ्या घड्याळांचे १९३१ मधले चित्र केवळ २४ × ३३ सेंटिमीटरचे, म्हणजे घरासाठी मापाने अगदी योग्य असले, तरी दाली यांचे निधन १९८९ साली झाले आहे, आणि त्यामुळे त्याची प्रतिकृती हक्कधारकांच्या परवान्यानेच छापलेली घ्यावी. पिकासो यांच्या चित्रांनाही हेच लागू आहे.

आता प्रतिमेच्या आकाराचा हिशेब करावा. कागदावर जवळून पाहण्याजोग्या छपाईसाठी दर इंचाला ३०० बिंदू हे चांगले प्रमाण आहे; दोन पावले मागून पाहायच्या मोठ्या चित्राला २०० पुरतात, आणि कॅनव्हासच्या खरबरीत विणीवर १५० वरही भागते. डूल घातलेल्या मुलीचे चित्र मूळ मापात ३०० च्या प्रमाणाने छापायचे तर प्रतिमा सुमारे ५,२५० × ४,६०० बिंदूंची हवी. ‘तारांकित रात्र’ मूळ मापात २०० च्या प्रमाणाने छापायला सुमारे ५,८०० × ७,२५० बिंदू लागतात. सेंटिमीटरला २.५४ ने भागून इंच काढावेत आणि त्यांना अपेक्षित प्रमाणाने गुणावे, एवढेच हे गणित आहे. बिंदू कमी पडत असतील तर संगणकाने फुगवलेली प्रतिमा वापरू नये. फुगवताना जो तपशील ‘भरला’ जातो तो चित्रकाराचा नसतो.

तिसरी पायरी: रंग आणि कडा डोळ्यांनी तपासाव्यात

या पायरीवर वेळ काढावा, कारण चांगल्या आणि सुमार प्रतिकृतीतला खरा फरक इथेच ठरतो.

मूळ चित्राचा ‘खरा’ रंग हीच मुळात सरळ गोष्ट नाही. तैलचित्रावरचे व्हार्निश काळानुसार पिवळे पडते, आणि ‘मोना लिसा’ आज जी मधाळ-हिरवट दिसते त्यामागे हे मोठे कारण आहे. काही रंगद्रव्ये स्वतःच उडून जातात. ‘शयनगृह’ रंगवताना व्हॅन गॉगने भिंती फिक्या जांभळ्या असल्याचे आपल्या भावाला पत्रात कळवले होते. त्यातले लाल रंगद्रव्य फिके पडल्यामुळे आज त्या भिंती निळ्या दिसतात. प्रतिकृतीने आजच्या चित्राशी इमान राखावे, असे मला वाटते. संगणकावर ‘मूळ रंग परत आणलेली’ आवृत्ती अभ्यासासाठी उपयुक्त असते, पण घरी लावायला संग्रहालयात आज जे दिसते तेच असावे. निदान आपण यांपैकी काय घेत आहोत हे ठाऊक असावे.

पूर्ण माप छापण्याआधी एक नमुनापट्टी छापून मागावी. चित्रातला सर्वांत गडद भाग, सर्वांत उजळ भाग आणि माणसाच्या कातडीचा रंग हे तिन्ही त्या पट्टीत येतील अशी जागा निवडावी. पट्टी दिवसाच्या उजेडात पाहावी आणि ज्या खोलीत चित्र लागणार त्या खोलीच्या दिव्याखालीही पाहावी, कारण काही शायांचे रंग दिव्यागणिक बदललेले दिसतात. संगणकाच्या पडद्याशी तुलना करताना त्याचा उजळपणा कमी करून घ्यावा. बहुतेक पडदे छपाईच्या मानाने फार उजळ ठेवलेले असतात आणि मग छापलेले चित्र विनाकारण काळवंडलेले वाटते.

नेमके काय पाहायचे, हे त्या डुलाच्या चित्रावरूनच सांगतो. मुलीच्या मागची पार्श्वभूमी आज जवळजवळ काळी दिसते, पण ती मुळात हिरवट पारदर्शक थरांनी रंगवलेली आहे. चांगल्या छपाईत तो अंधार खोल दिसतो, वाईट छपाईत ती डांबरासारखी सपाट काळी पट्टी होते. मोत्याला दोनच मुख्य फटकारे आहेत. वर डावीकडे प्रकाशाचा दाट ठिपका आहे, आणि खाली पांढऱ्या कॉलरचे मंद प्रतिबिंब. हे खालचे प्रतिबिंब विरून गेले असेल तर छपाईत फिके करडे रंग हरवले आहेत असे समजावे. मग ओठांच्या कोपऱ्याकडे पाहावे. तिथे एक अगदी बारीक उजळ ठिपका आहे, आणि ओठ ओलसर भासतात त्यात त्याचाही हात आहे. तो दिसला नाही तर प्रतिमा अपुरी आहे किंवा शाई पसरते आहे. सगळ्यात शेवटी वर डाव्या बाजूला फर्मीरची अंधुक सही शोधावी. गडद भागातला तपशील शिल्लक आहे की नाही याची ती उत्तम कसोटी आहे. आपल्या निवडीच्या कोणत्याही चित्रात अशा तीन-चार जागा आधी हेरून ठेवाव्यात आणि नमुन्यात त्याच तपासाव्यात.

कडांबद्दल जरा कडक राहावे. तयार फ्रेमची मापे ठरलेली असतात आणि चित्रांची मापे त्यांना जुमानत नाहीत. ए मालिकेतील (ए४, ए३ वगैरे) कागदाची उंची-रुंदी १.४१ च्या प्रमाणात असते, पण डूल घातलेल्या मुलीचे प्रमाण १.१४ आणि ‘तारांकित रात्री’चे १.२५ आहे. ही चित्रे त्या कागदावर काठोकाठ बसवायची तर बाजू कापाव्या लागतात, आणि कित्येक तयार प्रतिकृतींत त्या मुकाट्याने कापलेल्या असतात. होकुसाईच्या लाटेचा डावा काठ कापला की सही आणि मथळा तर जातातच, शिवाय लाट जिथून उसळते ती जागाही जाते आणि सगळी रचना लंगडी पडते. छापणाऱ्याला स्पष्ट लिहून द्यावे: चित्र कोणत्याही बाजूने कापू नये, ताणू नये, आणि उलटे, म्हणजे आरशातल्यासारखे, छापले गेलेले नाही याची खात्री करावी. फर्मीरच्या चित्रांत प्रकाश बहुतेक वेळा डावीकडून येतो, एवढे लक्षात असले तरी उलटी प्रत चटकन ओळखू येते.

चौथी पायरी: कागद की कॅनव्हास

मूळ चित्र कॅनव्हासवर आहे म्हणून प्रतिकृतीही कॅनव्हासवरच हवी, असा समज आहे. मला तो पटत नाही. छापील कॅनव्हासची वीण मूळ चित्राच्या विणीशी जुळत नाही आणि लहान चित्रांत ती बारीक तपशील खाऊन टाकते. कॅनव्हासवर वरून पारदर्शक लेप देऊन ‘कुंचल्याचे फटकारे’ उमटवण्याचीही पद्धत आहे. हे फटकारे चित्रकाराच्या फटकाऱ्यांशी जुळतीलच असे नसते आणि बरेचदा ते चेहऱ्यावरून आडवेच गेलेले दिसतात. दीड-दोन फुटांपर्यंतच्या चित्रासाठी मॅट, म्हणजे चकाकी नसलेला, जाड कागद घ्यावा. त्याहून मोठ्या, ढोबळ फटकाऱ्यांच्या चित्रासाठी कॅनव्हासचा विचार करावा. त्याला काच लागत नसल्याने वजन कमी राहते आणि प्रतिबिंबाचा त्रास होत नाही.

कागद शुद्ध कापसाचा किंवा शुद्ध सेल्युलोजचा, आम्लमुक्त आणि साधारण दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा असावा. झगझगीत पांढऱ्या कागदात बहुधा उजळपणा आणणारी रसायने असतात आणि ती काही वर्षांत निष्प्रभ झाली की कागद पिवळट दिसू लागतो. अतिनील प्रकाशाची छोटी बॅटरी अंधारात कागदावर मारून पाहावी. कागद निळसर चमकला तर त्यात ती रसायने आहेत. शाई रंगद्रव्याची असावी, विरघळणाऱ्या रंगाची नसावी. रंगद्रव्याच्या शायांचे रंग नीट जपल्यास कित्येक दशके टिकतात, तर दुसऱ्या प्रकारच्या शाया उजेडात त्या मानाने लवकर फिकटतात. छापताना चित्राच्या चारही बाजूंना निदान अडीच सेंटिमीटर कोरा कागद सोडायला सांगावे. तो पुढच्या पायरीला लागणार आहे.

कॅनव्हास घेतल्यास तो लाकडी चौकटीवर ताणताना कडेचे चार-पाच सेंटिमीटर मागे वळतात. ते मूळ चित्रातून जाता कामा नयेत; वळणाऱ्या भागासाठी वेगळा साधा रंग छापून घ्यावा. ताणण्याच्या चौकटीच्या कोपऱ्यांत लाकडी पाचरी असतील अशीच चौकट मागावी, म्हणजे पुढे कॅनव्हास सैल पडल्यास त्या हलक्या हाताने ठोकून तो पुन्हा ताणता येतो.

हाताने रंगवलेली नक्कल हा निराळा मार्ग आहे. ती पूर्णपणे नक्कल करणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते. असे काम करून घेतल्यास मूळ चित्रकाराची सही त्यावर रंगवू देऊ नये आणि माप मूळ मापापेक्षा वेगळे ठेवावे. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात बसून चित्रांच्या नकला करणाऱ्यांनाही माप वेगळे ठेवण्याचा नियम पाळावा लागतो, आणि त्यामागचे कारण उघड आहे: उद्या ती नक्कल कोणी मूळ म्हणून खपवू नये. मूळ मापाचा माझा आग्रह छापील प्रतीपुरता आहे, कारण ती कोणाची फसवणूक करू शकत नाही.

पाचवी पायरी: माउंट, काच आणि फ्रेम

चित्राभोवती जाड पुठ्ठ्याची जी खिडकी कापतात तिला माउंट म्हणतात. ती शोभेसाठी तर असतेच, पण तिचे खरे काम कागद काचेला चिकटू न देणे हे आहे. काचेच्या आतल्या बाजूला ओलसरपणा धरला की काचेला टेकलेला कागद तिला कायमचा चिकटतो आणि सोडवताना शाई उपटून येते. माउंट न लावता फ्रेम करायची असल्यास काच आणि कागद यांच्यामध्ये कडेने बारीक पट्टी घालून अंतर ठेवायला सांगावे.

माउंटचा पुठ्ठा आम्लमुक्त असलाच पाहिजे. साध्या लगद्याच्या पुठ्ठ्यातले आम्ल हळूहळू कागदात उतरते आणि काही वर्षांनी खिडकीच्या कडेने चित्रावर तपकिरी रेघ उमटते. ती जात नाही. पांढरा पुठ्ठा घेण्याऐवजी किंचित उबदार पांढरा, म्हणजे चित्रातल्या सर्वांत उजळ रंगाहून थोडा मंद घ्यावा, म्हणजे नजर माउंटवर न अडकता चित्रात शिरते.

खिडकीचे माप कसे काढायचे ते डुलाच्या चित्रावरून पाहू. चित्र ३९ सेंटिमीटर रुंद आणि ४४.५ उंच आहे. खिडकी चित्राहून प्रत्येक बाजूला अर्धा सेंटिमीटर मोठी, म्हणजे ४० रुंद आणि ४५.५ उंच ठेवावी, त्यामुळे चित्राच्या चारही कडा मोकळ्या दिसतात आणि माउंटखाली काहीही झाकले जात नाही. वर आणि दोन्ही बाजूंना ७ आणि खाली ८ सेंटिमीटर माउंट धरल्यास बाहेरचे माप ५४ रुंद आणि ६०.५ उंच येते. खालची बाजू किंचित रुंद ठेवतात, कारण चारही बाजू सारख्या ठेवल्यास चित्र खाली घसरल्यासारखे भासते. फ्रेमची आतली खाच या मापाहून दोन-तीन मिलिमीटर मोठी हवी, म्हणजे पुठ्ठा दमट हवेत फुगला तरी तो वाकत नाही.

कागद मागच्या पुठ्ठ्याला चारही बाजूंनी चिकटवू नये. जपानी कागदाच्या दोन छोट्या पट्ट्या आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरून तो फक्त वरच्या कडेने टांगावा, म्हणजे हवामानाप्रमाणे कागद मोकळेपणाने आकुंचन-प्रसरण पावतो. पारदर्शक चिकटपट्टी तर मुळीच नको; तिचा डिंक पिवळा पडून कागदात मुरतो. फ्रेमच्या मागे हार्डबोर्ड लावणार असतील तर त्याच्या आणि चित्राच्या मध्ये आम्लमुक्त पुठ्ठा घालायला सांगावे आणि मागचा सांधा कागदी पट्टीने बंद करून घ्यावा.

काचेच्या बाबतीत वजनाचा अंदाज घ्यावा. दोन मिलिमीटर जाडीची काच दर चौरस मीटरला ५ किलो भरते; वरच्या उदाहरणातल्या फ्रेमला ती सुमारे १.६ किलोची लागेल. तेवढ्याच जाडीचे ॲक्रिलिक निम्म्याहून कमी वजनाचे असते आणि फुटत नाही, म्हणून मुलांच्या खोलीसाठी आणि मोठ्या फ्रेमसाठी ते योग्य. मात्र त्यावर ओरखडे पटकन पडतात आणि घासल्यावर ते धूळ ओढते. खिडकीसमोरच्या भिंतीवर चित्र लावायचे असेल आणि खर्च झेपत असेल, तर प्रतिबिंब टाळणारा लेप दिलेली काच घ्यावी. गडद चित्रांना तिचा सर्वांत जास्त उपयोग होतो, कारण साध्या काचेत काळी पार्श्वभूमी म्हणजे चक्क आरसाच.

फ्रेमच्या पट्टीबद्दल पुष्कळ लिहिता येईल, पण कसोटी एकच पुरते: चित्र ज्या काळाचे आणि ज्या स्वभावाचे आहे त्याला ती पट्टी परकी वाटू नये. सतराव्या शतकातल्या डच चित्रांना गडद, जवळजवळ काळ्या लाकडाच्या चौकटी वापरल्या जात, आणि फर्मीरला आजही त्याच शोभतात. होकुसाईसाठी बारीक, साधी, नैसर्गिक लाकडाची पट्टी घ्यावी. ‘शयनगृहा’बद्दल तर खुद्द चित्रकाराचे मत उपलब्ध आहे: चित्रात कुठेही पांढरा रंग नाही म्हणून चौकट पांढरी असेल, असे व्हॅन गॉगने लिहून ठेवले आहे. नक्षीदार सोनेरी फ्रेम दिसली की ती ‘अभिजात’ वाटते, म्हणून ती सरसकट सगळ्याच चित्रांना लावली जाते. छोट्या, शांत चित्राचा ती जीव गुदमरवते. फ्रेम ताब्यात घेताना ४५ अंशांत कापलेले चारही कोपरे बोट फिरवून पाहावेत आणि फट दिसली तर परत करावी. आत केस किंवा धूळ अडकलेली नाही हे तिरप्या उजेडात पाहून घ्यावे.

फ्रेमच्या मागे एक चिठ्ठी लावावी: चित्रकार, चित्राचे नाव, वर्ष, मूळ चित्र कुठे आहे, त्याचे माप, आणि ही प्रतिकृती कोणत्या कागदावर, कोणत्या शाईने, कधी छापली.

सहावी पायरी: जागा आणि प्रकाश

थेट ऊन पडणारी भिंत पूर्ण बाद करावी. अतिनील किरण अडवणारी काच असली तरी रंग उडणे थांबत नाही, कारण दिसणारा प्रकाशही रंग फिकट करतो. काच फक्त वेग कमी करते. संग्रहालये कागदावरची चित्रे साधारण ५० लक्स इतक्या मंद प्रकाशात ठेवतात. घरात तेवढा अंधार करण्याची गरज नाही, कारण प्रतिकृती पुन्हा छापता येते. पण शेजारच्या दोन भिंतींपैकी कमी उजेडाची निवडावी. ओल धरणारी बाहेरची भिंत, स्नानगृह आणि शेगडीच्या वरची जागा टाळावी. चित्रावर दिवा लावायचा असल्यास तो एलईडीचा, उबदार रंगाचा आणि रंग अचूक दाखवणारा, म्हणजे रंगदर्शन निर्देशांक ९० किंवा अधिक असलेला घ्यावा. तो वरून साधारण ३० अंशांच्या कोनात सोडावा, म्हणजे काचेत दिव्याचे प्रतिबिंब डोळ्यांवर येत नाही.

सातवी पायरी: टांगणे

चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर यावा. उभ्या माणसाच्या नजरेची ही साधारण उंची आहे. जिथे बसूनच पाहणे होते अशा खोलीत तो थोडा खाली आणावा. सोफ्याच्या वर लावताना सोफ्याच्या पाठीपासून १५ ते २५ सेंटिमीटर अंतर ठेवावे. यापेक्षा वर गेलेले चित्र खालच्या वस्तूंपासून तुटल्यासारखे दिसते. लहान चित्र मोठ्या भिंतीवर एकटे लावायला घाबरू नये. ४५ सेंटिमीटरचे चित्र रिकाम्या भिंतीवर लोकांना जवळ बोलावते, आणि ते जवळून पाहण्यासाठीच आहे. अनेक चित्रे एकत्र लावायची असल्यास आधी ती जमिनीवर मांडून पाहावीत, दोन फ्रेममध्ये ५ ते ८ सेंटिमीटर अंतर ठेवावे आणि सगळ्या समूहाचा मध्य नजरेच्या उंचीला आणावा.

खिळ्याची जागा काढताना फ्रेमच्या मागची तार बोटाने वर ओढून ती वरच्या कडेपासून किती खाली येते ते मोजावे. मध्य १४७ वर हवा, फ्रेमच्या उंचीचा निम्मा भाग सुमारे ३० आणि तार ८ खाली येत असेल, तर खिळा १४७ अधिक ३० वजा ८, म्हणजे १६९ सेंटिमीटरवर मारावा. तारेच्या कड्या फ्रेमच्या उंचीच्या वरच्या एक तृतीयांशावर असाव्यात. जड फ्रेमला एकाऐवजी दोन आकडे घ्यावेत. भार विभागला जातो आणि फ्रेम तिरकी होत नाही. विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत ड्रिलने भोक पाडून प्लास्टिकचा प्लग आणि स्क्रू वापरावा. पोकळ भिंतीसाठी तिच्याच प्रकारचे, वजन लिहिलेले अँकर मिळतात, तेच घ्यावेत. भोक पाडण्याआधी मागून वीजेची तार किंवा नळ जात नाही याची खात्री करावी. पाणसळ लावून फ्रेम सरळ करावी आणि खालच्या दोन्ही कोपऱ्यांना मागून रबरी चकत्या चिकटवाव्यात, म्हणजे फ्रेमच्या मागून हवा खेळती राहते आणि भिंतीवर डाग पडत नाही.

त्यानंतरची देखभाल थोडीच आहे. काच पुसताना द्रव फडक्यावर घ्यावा, थेट काचेवर फवारू नये; कडेने आत शिरलेला एक थेंब माउंटवर कायमचा डाग पाडतो. ॲक्रिलिकला अमोनिया असलेला द्रव लावू नये. त्यासाठी मऊ सुती फडके आणि साधे पाणी पुरते. कॅनव्हासला पाणी लावू नये, त्यावरून फक्त कोरडा मऊ कुंचला फिरवावा. वर्षातून एकदा फ्रेम उतरवून तार कुठे उसवली आहे का, कड्यांचे स्क्रू सैल झाले आहेत का आणि मागच्या कागदी पट्टीला फट पडली आहे का ते पाहावे. मागच्या पुठ्ठ्यावर ओलीचा डाग दिसला तर फ्रेम त्या भिंतीवर परत लावू नये. मागची बाजू उघडून कागद सावलीत पूर्ण कोरडा करावा, डागाळलेला पुठ्ठा बदलावा आणि चित्रासाठी दुसरी भिंत निवडावी.